धनीबाईच्या सुरातली शिट्टी

वाशीमच्या उकंडरावांचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो की सभा, भोंगा बांधायला तेच. भोंग्याला कसलाही आवाज चालायचा; टेपच्या यंत्राला चालेना. रेडिओचे साहेब दोन दिवसांसाठी ते यंत्र त्यांच्या हवाली करून गेले होते. ‘बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं एक गाणं स्वच्छ टेप करून ठेवा. जमलं तर मदतनीस म्हणून घेतो तुम्हाला.’ आज तीनच्या गाडीने साहेब परत येणार होते, आणि दोन तर वाजून गेले होते.

उकंडरावांनी दुकानात टेप पुन्हा वाजवली. गायला तांड्यावरून आलेल्या धनीबाईचा आवाज खणखणीत. पण ‘स’ आला की तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र करायचा. म्हातारीचे पुढचे दोन दात पडलेले. त्या फटीतून वारा शिट्टीसारखा थेट माइकवर.

माइकला उपरणं गुंडाळलं, तर बाई गोधडीतून गात असल्यासारखी. माइक दूर नेला, तर तिच्यापेक्षा रस्त्यावरचा टांगाच मोठा.

“बाई, ताठ उभ्या राहा. माइककडे पाहून म्हना.”

“सकाळपासून तेच तर करून राह्यली!” धनीबाई भडकली. “अरे भाऊ, हा ढावलो हाय. सासरी जाताना पोरगी गळ्यात पडून रडते, तवाचं गानं. तुह्या या लोखंडाच्या गळ्यात पडू का मी?”

सोबत आलेली तिची सून हिरीबाई तोंडाला ओढणीचा पदर लावून हसली.

“मंग कसं म्हनता तुमी?” उकंडरावांनी विचारलं.

धनीबाईने सरळ सुनेच्या गळ्यात हात टाकले, तिच्या खांद्यावर तोंड टेकवलं आणि सूर धरला. ‘अवो, माइक इकडे!’ असं उकंडरावांच्या ओठांवर आलं होतं. पण ते थांबले. यंत्र सुरू करून त्यांनी माइकच उचलून तिच्या गालापाशी, बाजूला धरला. वारा सुनेच्या ओढणीत जिरत होता. आवाज तेवढा कडेने येत होता.

गाणं संपल्यावर त्यांनी टेप मागे फिरवून ऐकली. पहिला ‘स’ मऊ आला. दुसराही. पण अगदी शेवटी, सूर संपता संपता, एक हुंदका. मघाशी हसणारी हिरीबाई आता डोळे पुसत होती.

पुन्हा टेप करायला वेळच नव्हता. साहेब दारात उभे.

साहेबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. “शेवटी कोण रडलं?”

“सून, साहेब. तेवढी फीत कापतो म्या.” उकंडरावांनी घाईने कात्री उचलली.

“कात्री ठेवा हो खाली! ढावलो रडण्याचाच असतो.” साहेबांनी त्यांचं मनगट धरलं. “आणि सोमवारी कामावर या.”

उकंडरावांनी मान डोलावली. आनंदाच्या भरात कात्री खाली ठेवायचं मात्र त्यांना सुचेना.