सकाळी आठचं सॅम्पल

सकाळचे आठ वाजले होते. माझ्यासमोर खुर्चीत बसलेली पेशंट माझी बायको होती आणि तिची शीर सापडत नव्हती.

औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. लहान बाळांच्या शिरा मी एका टोचणीत धरतो. मंगलला तीनदा टोचलं. हात थंडगार, बीपी खाली. तिसऱ्या वेळी ट्यूबमध्ये रक्त आलं तेव्हा ती म्हणाली, "झालं का? मला जरा आडवं व्हायचंय." तिथंच बाकावर ती झोपली.

ती गेली पाच-सहा वर्षं अशीच होती. दुपारपर्यंत पाय ओढायची. पोळ्या लाटायला स्टूल लागायचं. चैत्रातही अंगावर शाल. माझी आई म्हणायची, "आळशीच हाय." मी आईला गप्प करायचो, पण तिचं चुकतंय असं ठामपणे कधी म्हणालो नाही. ते मला आज बोचतं.

डॉक्टर लोह द्यायचे, बी-ट्वेल्व्ह द्यायचे, टेन्शन घेऊ नका म्हणायचे. थायरॉइड तपासायला सांगितलं की मी टीएसएच लावायचो. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीनं थायरॉइडला पाठवलेली ऑर्डर. टी-फोर म्हणजे प्रत्यक्ष माल. लॅबमध्ये बहुतेक वेळा ऑर्डर तेवढी बघतात, माल कुणी मोजत नाही. मंगलच्या फाइलमध्ये तीन टीएसएच आहेत. तिन्ही नॉर्मल, तिन्हींवर माझी सही.

यंदा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी टी-फोर करायला सांगितला आणि तो तळाला गेलेला निघाला. त्यांनी थायरॉइडची गोळी सुरू केली. कारण सापडलं म्हणून मी पेढे आणले. दहाव्या दिवशी मंगलला उलट्या सुरू झाल्या आणि बाथरूमच्या दारात ती कोसळली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, गोळी ताबडतोब बंद केली आणि म्हणाले, "सकाळी आठचं कॉर्टिसॉल करा. आपण घाई केली की काय, बघू."

कॉर्टिसॉल किडनीच्या टोकावरच्या ग्रंथींमध्ये तयार होतं. बीपी, साखर, अंथरुणातून उठायची ताकद, सगळं त्याच्या जिवावर. सकाळी ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून सॅम्पल आठला घेतात. पाचाच्या वर हवंच. मंगलचं आलं एक पॉइंट सहा.

मी मशीनवर संशय घेतला. कंट्रोल लावले. कंट्रोल म्हणजे आधीच आकडा माहीत असलेलं सॅम्पल; मशीन तोच आकडा देतं का ते बघायचं. मशीननं बिनचूक दिला. मी पुन्हा लावायला गेलो तेव्हा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मागं उभ्या होत्या.

"किती वेळा लावणार?"

"मॅडम, एवढं कमी असेल तर माणूस चालेल कसा?"

"चालतेय कुठं ती? तुम्हीच सांगत होतात ना, स्टूलवर बसून स्वयंपाक करते म्हणून?"

मी दुसरं सॅम्पल शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथं एक पॉइंट चार आलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "दोन दिवसांत हार्मोन्सच्या डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. आणि एक विचारतो. गुडघ्यासाठी, अंगदुखीसाठी कुठली पुडी घेतात का घरात? काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बाहेरून आयतं मिळालं की शरीर आपलं बनवणं बंद करतं."

हे मला पटलं. लॅबमध्ये आम्हाला एक सवय लागते. पेशंट उपाशीपोटी आलोय म्हणतो आणि साखर सांगते की चहा-खारी झालीय. त्यामुळं माझा सॅम्पलवर विश्वास असतो, माणसावर नाही. घरी येऊन मी मंगलला विचारलं, "कुठली पुडी घेतेस? खरं सांग."

"नाय हो. कुठली पुडी?"

"माहेराहून, सोयगावहून येताना काहीतरी आणतेस तू."

"लोणचं आणते," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

दुपारी ती झोपल्यावर मी तिचं कपाट उचकलं. साड्यांच्या घड्यांमध्ये हात घातला. वरच्या फळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरचा एक जुना डबा होता. झाकण उघडलं. आत बटणं, हुक, दोऱ्याची रिळं. तळापर्यंत बोटं घालून पाहिलं, पुडी नव्हती. डबा परत ठेवला. बायकोच्या कपाटात चोरासारखा हात घालणारा नवरा आपण आहोत याची लाज वाटली, पण संशय काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी हार्मोन्सच्या डॉक्टरांकडं गेलो. वयानं माझ्याहून लहान, बोलायला शांत. मी फाइल पुढं केली. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले, आकड्यांखाली लाल रेघा. त्यांनी पाच मिनिटं चाळली, मिटली आणि मंगलकडं वळले.

"ताई, मुलं किती?"

"एक मुलगी, अकरा वर्षांची," मी म्हणालो.

"बाळंतपणानंतर पाळी?"

"सुरुवातीला अनियमित होती, मग—"

"तुम्ही थांबा जरा," ते मला म्हणाले. "त्यांना सांगू द्या."

मंगल हळू आवाजात बोलू लागली. "पाळी गोळ्या घेऊन दोनदा आली. मग आलीच नाय. सगळे म्हणले अशक्तपणा हाय."

"बाळाला अंगावरचं दूध आलं होतं?"

"नाय. एक थेंब नाय. लई प्रयत्न केले. पोरगी रडायची आन् मीबी रडायचे."

पोरगी पावडरवरच वाढली होती, आणि दर पंधरा दिवसांनी एसटीनं सोयगावला डबे घेऊन कोण जात होतं? मीच. त्यातलाच एक डबा काल माझ्या हातात होता.

"बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का?"

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. "आई म्हणायची, थोडं जास्त गेलं. मी शुद्धीवर नव्हते."

मला काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. मी तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दोघी सुखरूप होत्या, मी बर्फी वाटली आणि परत कामावर आलो.

तिथूनच मी सोयगावला मामींना फोन लावला. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. फोन स्पीकरवर ठेवला आणि प्रश्न सांगितला. मामींनी आधी उलटं मलाच विचारलं.

"जावईबापू, विहीणबाई हायत का तिथं?"

"नाही मामी. डॉक्टर आहेत, मी आहे आणि मंगल."

"लई गेलं हो रक्त. गादी भिजली. दवाखान्यातून जीप करून फुडं नेली. चार बाटल्या रक्त चढवलं. तिच्या भावानं दिलं, गल्लीतल्या पोरांनी दिलं. डॉक्टर म्हणला, वाचली." मामींचा आवाज फुटला. "मीच म्हणलं, सासरी कळू देऊ नका. म्हणतील, कमजोर पोरगी गळ्यात मारली. मंगललाबी पुरतं नाय सांगितलं."

मंगल फोनकडं बघत होती. "आई, रडू नको," ती म्हणाली. "मी बरीय."

डॉक्टरांनी कागदाच्या मागं चित्र काढून समजावलं. पिच्युटरी वाटाण्याएवढी असते. गरोदरपणात ती फुगते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं की ती उपाशी पडून मरते. मग ऑर्डरी नीट जात नाहीत. दूध येत नाही, पाळी थांबते, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल हळूहळू बसत जातात. टीएसएच नॉर्मल दिसतो, पण त्यात जोर नसतो. आणि कॉर्टिसॉल न देता आधी थायरॉइडची गोळी दिली, तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही शरीर भराभर संपवतं. बाथरूमच्या दारात नेमकं तेच झालं होतं. नंतर एमआरआयमध्ये पिच्युटरीच्या जागी नुसती पातळ कड दिसली. या आजाराला एका परदेशी डॉक्टरांचं नाव आहे. मी मात्र अजून त्याला मामींचं गुपित म्हणतो.

त्याच दिवशी कॉर्टिसॉलची गोळी सुरू झाली. थायरॉइडची नंतर, सवडीनं. गोळ्या जन्मभर, चुकवायच्या नाहीत, ताप आला तर कॉर्टिसॉलची दुप्पट. पर्समध्ये तसं लिहिलेलं कार्ड.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठलो तर मंगल ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. स्टूल कोपऱ्यात. ओट्यावर तो बटणांचा डबा.

"अहो, माझी बटणं कुणी ढवळली?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"पांढरी वर असतात, रंगीत खाली. पुडी शोधत होतात ना?"

"डॉक्टर म्हणाले होते म्हणून..."

"मग मला विचारायचं!"

"विचारलं होतं की."

"विचारलं नव्हतं, दरडावलं होतं! अकरा वर्षांत एकदा तरी विचारलं का, मंगल, तिकडं काय झालं होतं? कपाटाला बरोबर विचारलं!"

पंधरा मिनिटं ती बोलत होती. एक पोळी करपली. आईसुद्धा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. एवढा वेळ उभं राहून, एवढ्या मोठ्या आवाजात ती कित्येक वर्षांत भांडली नव्हती. मला रडू आलं. तिला वाटलं लागलं मनाला. तिनं गरम पोळी वाढली.

तेव्हापासून थकव्याची तक्रार घेऊन बाई आली की सुई लावण्याआधी मी बाळंतपणाचं विचारतो, आणि सोबतचा नवरा उत्तर द्यायला लागला की त्याला बाहेर बसवतो. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, मी मागच्या बाजूला पेननं लिहून डॉक्टरांना पाठवतो. रांग वाढते, मॅडम कुरकुरतात. टेक्निशियननं आकडे द्यावेत हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण आकडे माझ्याकडं सहा वर्षं होते.

तीन महिन्यांनी मंगल तपासणीला आली. बाही वर करून खुर्चीत बसली. मी विचारलं, "काही खाल्लंय का?"

"नाय," ती म्हणाली. "विश्वास ठेवा."

शीर पहिल्या टोचणीत सापडली.