बांधलेल्या कळ्या

त्या मंगळवारी सकाळी माझ्या पत्नीने कापसाच्या एका कळीचा दोरा सोडला. कळीत अळी होती.

ती कापसाचे नवे वाण तयार करायची. कुणी विचारलं तर "कापसाचं काम करते" एवढंच सांगायची. नाशिकमधल्या एका बियाणे कंपनीत तिची प्रयोगशाळा होती आणि प्रयोगाचं शेत मालेगावच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. तोवर निवृत्त झालो होतो. त्या वर्षी तिला जिना चढताना दम लागू लागला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी शस्त्रक्रिया सुचवली आणि गाडी चालवायला मनाई केली. शस्त्रक्रिया तिने कापसाच्या वेचणीनंतर ठेवली. गाडी मी चालवू लागलो. म्हणून त्या हंगामात जे घडलं ते मी पाहिलं. एरवी ते मला संध्याकाळच्या चहाबरोबर कळलं असतं, आणि तेही अर्धंच.

कापसाचं फूल सकाळी उमलतं आणि मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. वाण शुद्ध ठेवायचा असेल तर फूल उमलू द्यायचं नसतं. उद्या उमलणार अशी फुगलेली कळी आदल्या दुपारी हेरायची आणि तिच्या टोकाला दोरा बांधायचा. कळी मिटलेलीच राहते आणि आतल्या आत तिची फळधारणा होते. हे काम जवळच्या गावातल्या बायका करत. उन्हं कलायला लागली की त्या कमरेला लाल दोऱ्याचे तुकडे खोचून ओळींत शिरत. माझी पत्नी त्यांची ताई, म्हणून मी दाजी. मी बांधावरच्या लिंबाखाली वाचत बसे, आणि ते त्यांना काही केल्या पटत नसे.

"दाजी, आज कोणतं पुस्तक?"

"जुनंच आहे."

"पाऊस कधी शे, ते लिहेल नै का त्यात?" त्यांच्यातली सगळ्यात थोरली विचारायची. तिला सगळ्या आक्का म्हणत. "नसंल तर घरीच ठेवत जा. उगा वजन."

बाकीच्या हसायच्या. माझी पत्नीही हसायची आणि हसता हसता थांबून श्वास घ्यायची.

शेताच्या एका कडेला काही ओळी तिच्या स्वतःच्या वाणाच्या होत्या. एका रानटी कापसाशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या झाडं निवडत, पानांच्या तुकड्यांतून जनुकांच्या खुणा तपासत तिने तो वाण उभा केला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. बीटी कापसात जे जनुक घातलेलं असतं त्याने गुलाबी बोंडअळी पूर्वी मरायची. आता ती मरत नाही, हे आमच्या जिल्ह्यात कापूस लावणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. हिच्या वाणाला मात्र अळी लागत नाही, असं दिसत होतं. आधीच्या दोन हंगामांत भोवतालच्या ओळी किडल्या आणि हिच्या ओळींतली बोंडं स्वच्छ फुटली. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षी तो वाण ठिकठिकाणच्या चाचण्यांना जाणार होता. झाडातला हा प्रतिकार खरा आहे की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी तिने स्वतःची शस्त्रक्रिया थांबवली होती. त्यावर आम्ही घरी एकदाच बोललो. नंतर तो विषय मी काढला नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि लागवडही लांबली. चांदवड मागे पडलं की रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींना टेकवलेल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या दिसू लागत. कापसाची ती वाळकी झाडं लोक चुलीसाठी ठेवतात. गाडीच्या काचेतून ती प्रत्येक ढिगाकडे बघायची.

"अळी त्यात झोपलेली असते," एकदा म्हणाली. "वाळक्या बोंडात. महिनेन्‌महिने."

"आणि जागी कधी होते?"

"हवेत ओल आली की. पतंग होऊन बाहेर पडते आणि फुलं शोधते."

शेतावर पोचलो की ती आधी कामगंध सापळ्यांकडे जाई. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात शिरतात आणि खालच्या लांब पिशवीत पडतात. सुरुवातीला पिशव्या रिकाम्या असत. मग तळाशी काही दिसू लागलं. पोळ्याच्या सुमारास पिशवी हातात धरली तर तिचा तळ करडा दिसायचा, आणि तो करडा रंग हलायचा. बायका सापळ्यांजवळून जाताना बोलायच्या थांबत. हे त्यांनी ठरवलं नसावं. मी नुसतं पाहिलं.

मग शेजारच्या ओळींत डोमकळ्या दिसू लागल्या. अळी कळीत शिरली की पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते. फूल उमलत नाही, पिळल्यासारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. किडीचा अंदाज पहिल्यांदा त्यावरून येतो. माझी पत्नी सकाळी ओळीओळीने डोमकळ्या मोजायची. शेजारच्या ओळींत त्या वाढत चालल्या होत्या. तिच्या ओळींत एकही नव्हती.

"एकही नाही," परतताना ती म्हणाली.

"चांगलंच की."

घाट मागे पडल्यावर ती म्हणाली, "एखादी तरी असायला हवी होती."

त्या मंगळवारी तिला दुसऱ्या एका झाडाशी संकर करायला आपल्या वाणाचे पराग हवे होते. आदल्या दिवशी बांधलेली एक कळी तिने हातात धरली आणि दोरा सोडला. दोरा सुटला, पाकळ्या सुटल्या नाहीत. तिने नखाने त्या फाडल्या. अळी लहान होती, अजून गुलाबी झालेली नव्हती. पांढरी, डोकं काळपट. परागांच्या भुकटीत ती वळवळत होती.

आक्का शेजारच्या ओळीत होती. ती येऊन वाकली.

"ताई, ही मीच बांधेल व्हती काल. चांगली फुगेल व्हती. उद्या उमलणार म्हणून बांधली."

"बरोबर बांधलीत तुम्ही," माझी पत्नी म्हणाली. "डोमकळीही तशीच फुगलेली असते. कालही तशी, आजही तशी."

तिने कळी तळहातावर ठेवली आणि तिथेच ओळीत खाली बसली. मी पुस्तक ठेवून गेलो तेव्हा तिने मला दाखवलं. अळीने आतून शिवलेली कळी आणि आम्ही बाहेरून बांधलेली कळी सकाळी सारखीच दिसते. दोन्ही मिटलेल्या. तिच्या ओळींतली जवळजवळ प्रत्येक कळी आम्ही बांधत होतो, कारण प्रत्येक बी हवं होतं. उरलेली उघडी फुलं ती मोजत होती, आणि उघड्या फुलात डोमकळी कुठून असणार.

"चला," आक्का म्हणाली. "आता बांधायचं तेच सोडायचं. दाजी, तुम्ही बी या. पुस्तक कुठं पळून जात नै."

आम्ही सगळे दोरे सोडत गेलो. काही कळ्या सुटताच पसरत, आत सगळं पिवळसर, नीट. काही सुटत नसत. थोड्या वेळाने सुटणारी कळी आली की बायकांपैकी कुणीतरी मोठ्याने सांगायची. न सुटणारीबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. जमिनीवर लाल तुकड्यांचा सडा पडला.

पुढच्या आठवड्यात कंपनीतले तिचे वरिष्ठ शेतावर आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. तिच्या तब्येतीची चौकशी त्यांनी आधी केली.

"मॅडम, मागच्या दोन्ही वर्षांचे निकाल उत्तम आहेत," ते म्हणाले. "यंदाचं पावसावर टाकू. बी तेवढं सांभाळा."

"कशाचं बी सांभाळू, सर? ह्यात काय आहे तेच मला माहीत नाही."

"तुम्ही आधी ऑपरेशन करून घ्या. हे पुढच्या वर्षी बघता येईल."

"पुढच्या वर्षी हे बी दहा ठिकाणी पेरलं जाईल. तेव्हा बघणारे शेतकरी असतील."

ते गेल्यावर तिने ठरवलं. हिरव्या बोंडातली अळी बाहेरून दिसत नाही. बोंड कापावंच लागतं. पण बांधलेल्या फुलाचं बोंड कापायचं नाही, ही शेतावरची जुनी रीत होती. ते बोंड म्हणजे बी. आधीच्या दोन वर्षांत त्या ओळींतलं एकही हिरवं बोंड कुणी कापलं नव्हतं. आता तिने सगळी तोडायला सांगितली.

पत्र्याच्या शेडमध्ये बायका घोळका करून बसल्या. झाडाच्या खालच्या फांद्यांवरची, आधी धरलेली बोंडं एका पाटीत होती आणि वरची, नंतरची, दुसऱ्या पाट्यांत. माझी पत्नी पालथ्या क्रेटवर बसली होती. तिचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता.

सुरुवातीला थट्टा चालली. "माझ्या सुनेला दाखवा कुणीतरी हे," आक्का म्हणाली. "वांगं असं चिरायचं असतं. ती कुऱ्हाडीनं तोडल्यावानी करते."

"सून इथं आली तर कापूस वेचून होईल, तुमचं भांडण संपणार नै," दुसरी म्हणाली.

खालच्या बोंडांची पाटी संपली. त्यांत कुठे काही नव्हतं. चार कप्पे, ओला पांढरा कापूस, कोवळी सरकी. मी पत्नीकडे पाहिलं. ती दुसऱ्या पाट्यांकडे पाहत होती. त्या सुरू झाल्या आणि बोलणं कमी होत गेलं. शेवटी विळ्यांचा आवाज तेवढा राहिला. बोंड चिरायचं, तिच्यापुढे धरायचं, टाकायचं. कापूस डागाळलेला, सरकी पोखरलेली, आणि आत गुलाबी अळी. काहींत दोन. बायका आता बोंडं बोटांच्या टोकांनी धरत होत्या.

मधेच आक्का म्हणाली, "पुरे करू का ताई? कळलं ना तुम्हाला."

"नको. सगळी होऊ देत."

सगळी झाली. गाडीत बसल्यावर तिने पाण्याची बाटली संपवली आणि मग मला सांगितलं, अगदी शांतपणे, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. तिचा वाण इतरांपेक्षा लवकर फुलायचा. हे तिला माहीत होतं. तो तिने वरचा फायदा धरला होता. आधीची दोन वर्षं पाऊस वेळेवर आला. पतंग वाढायच्या आत याची बोंडं निबर झाली होती. यंदा फुलांना उशीर झाला आणि फुलं पतंगांच्या तोंडी आली.

"याने अळीला अडवलं नव्हतं कधी," ती म्हणाली. "दोघांची भेट झाली नव्हती, एवढंच."

"मग आता?"

"आता पुन्हा रानटी झाडापासून."

"किती वर्षं?"

"ते मला मोजायला लावू नका."

दुपार होती. चांदवडच्या अलीकडे एका जिनिंग कारखान्याच्या आवारात गेल्या हंगामातली सरकी ढिगाने पडली होती आणि वर ताडपत्री नव्हती. तिने मला गाडी थांबवायला लावली. उतरली नाही, काच खाली करून बघत राहिली. मग म्हणाली, "सरकीतही झोपलेली असते. चला."

त्या ओळी उपटून शेताच्या कोपऱ्यात जाळल्या. तिने अहवाल लिहून दिला आणि चाचण्या रद्द झाल्या. वरिष्ठांनी तिला फोन केला नाही. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. मी काय वाचतोय ते तिने विचारलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बायका मालेगावहून एसटीने आल्या, दहाव्याला. बैठकीत सतरंजीवर बसल्या. भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं होती; त्यांनी ती पाहिली. निघताना आक्का दारात थांबली.

"दाजी, जेवत जा वेळेवर," म्हणाली. "पुढल्या वर्षी कापूस नै. कंपनी मका टाकणार शे तिथं."

शेतात आता मका आहे. त्या बायकांपैकी काही कांद्याच्या खळ्यावर जातात. आक्का कधी कधी फोन करते आणि भोवतालच्या कापसात अळी आहे, एवढं सांगते. माझ्या पत्नीच्या जागी कंपनीने दुसरं कुणी घेतलेलं नाही. तिच्या कामातलं एक वाक्य अहवालात राहिलं आहे: हा वाण लवकर फुलतो, बोंडअळीला प्रतिकार करत नाही. ते खरं आहे.