दोराला पोट हवे

दौलतनाना घोड्यांना नेमके काय शिकवतात?

नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी समितीने मला एवढाच एक प्रश्न दिला होता. "दोन ओळींत लिहिले तरी चालेल," असेही सांगितले होते. गेली सात वर्षे मी नानांची शिष्या म्हणवून घेते, पण मला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते आधीच कबूल करते, आणि जे पाहिले तेवढे लिहिते.

नानांची आणि आमच्या घराची ओळख एका मोडलेल्या बाशिंगामुळे झाली. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, भडगावच्या स्टँडवर टांगा चालवतात आणि लग्नसराईत वरातीसाठी घोडी देतात. जुनी घोडी थकली तेव्हा त्यांनी सारंगखेड्याच्या बाजारातून पांढरीशुभ्र, चार वर्षांची घोडी आणली. तिचे नाव आम्ही शेवंती ठेवले. दिसायला अशी की लोक टांग्यात बसता बसता थांबून बघत. पण स्वभावाने इतकी भित्री की अंगणात वाळत घातलेले लुगडे हलले तरी ती खुंटा उपटायला निघे.

आमच्या भागात कापसाला तोटा नाही, आणि वरातीच्या घोडीच्या कानांत कापूस घालायची रीत सगळीकडे आहे. बँडचा आवाज आत जाऊ नये, म्हणजे घोडी बिथरत नाही, असा समज. भाऊंनीही शेवंतीच्या पहिल्या वरातीला दोन्ही कानांत मूठमूठभर कापूस कोंबला. वरात मारुतीच्या पारापर्यंत नीट आली. तिथे ढोलवाला मागून पुढे आला. शेवंतीला तो येताना ऐकू आला नाही. एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. पुढचे सगळे क्षणात झाले. नवरदेव घसरत घसरत क्लॅरिनेटवाल्याच्या अंगावर आले, त्यांचे बाशिंग मोडले, आणि लगाम न सोडणाऱ्या भाऊंचे मनगट मोडले. नवरदेवाला खरचटलेही नव्हते. पण बाशिंग मोडणे म्हणजे केवढा अपशकुन! "बाशिंगमोडी घोडी" हे नाव आठ दिवसांत पाचोऱ्यापर्यंत पोचले.

मनगट जुळले, पण वाकडे जुळले. पावसाळाभर शेवंती खुंट्यावर उभी राहिली, पुढचे पाय अगाडीने आणि मागचे पाय पिछाडीने बांधलेली. दसऱ्याला भाऊंनी जाहीर केले, की दत्तजयंतीच्या बाजारात तिला विकायचे. बिथरणारी घोडी कोण घेते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. वीटभट्टीवाले. तिथे डोळ्यांना झापडे बांधून मातीच्या गाडीला जुंपतात, म्हणजे भित्रेपणाचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा मी पाचोऱ्याच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. वाचलेले सगळे खरे करून दाखवायचे वय. मी भाऊंशी तीन दिवस भांडले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "नदीकाठच्या दौलतनानाले बलाव. त्यानी नही म्हनं ते तू बी गप बसशी."

नाना आले ते पायीच. धोतर, वर खाकी शर्ट, खांद्यावर दोराचे वेटोळे, हातात काहीच नाही. जन्मभर टांगा हाकलेला माणूस आणि चाबूक नाही, हे मला चमत्कारिक वाटले. शेवंतीपासून दहा पावलांवर ते उभे राहिले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. वरातीनंतर भीतीने भाऊ रोजच तिच्या कानांत कापूस ठेवू लागले होते. नाना म्हणाले, "कानमधला कापूस काढा पहिले."

भाऊ म्हणाले, "नाना, आवाजले भ्यास ती."

"कान बंद करीसन भ्याव जास का रे? अंधारामा तुले भ्याव वाटस, का उजेडमा?"

भाऊंनी कापूस काढला. शेवंतीने मान अशी झाडली की तोंडाचा फेस आमच्या अंगावर उडाला. मग तिचे दोन्ही कान फिरू लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी तिचे कान नीट असे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मुदत ठरली. तुळशीची लग्ने लागल्यावर गावातली जी पहिली वरात, ती शेवंतीने नीट पार पाडली तर ती आमच्याकडे राहील. नाहीतर दत्तजयंती. भाऊंचे मनगट अधू, म्हणून दोर धरायला मी. यावर आमच्या काकांनी हरकत घेतली. "पोरगी घोडी धरी? लोके काय म्हनतीन?" नानांनी त्यांच्याकडे न बघताच उत्तर दिले, "घोडीले पोऱ्या-पोर समजत नही. तिले हात समजस."

गिरणेच्या काठी नानांच्या घरामागे तारेचे कुंपण घातलेले एक अंगण आहे. तिथे शेवंतीला मोकळे सोडले. पहिले पाच दिवस आम्ही काय केले? अंगणाच्या मधोमध, शेवंतीकडे पाठ करून, भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. मी रोज विचारायची, "नाना, शिकवायला कधी लागायचे?" नाना म्हणायचे, "घाई कोनले शे? तुले का तिले?" पाचव्या दिवशी माझ्या मानेवर गरम श्वास आला आणि शेवंतीने माझ्या ओंजळीतून शेंग उचलली. मी हलणार, तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "देखू नको. फोड अजून एक."

मग दोर आला. घोडीच्या तोंडावरच्या मोहरकीला बांधलेला लांब, मऊ दोर. एक पाऊल पुढे, थांबणे. दोन पावले मागे, थांबणे. डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे. पाठीवर बसण्याचे नाव नाही. नानांचा नियम एकच होता: घोडी आणि हात यांच्यामध्ये दोर खाली लोंबला पाहिजे. "दोरले पोट पायजे," ते म्हणायचे. दोर ताणला गेला की चूक आपली. मी दिवसातून शंभरदा चुकत होते, आणि ते शंभरदा न चिडता म्हणत होते, "पोट गयं."

त्यानंतर जे सुरू झाले त्याला मी आजही खेळच म्हणते. नानांनी जमिनीवर गोणपाट अंथरले आणि मला म्हणाले, "तिले इचार, पाय ठेवशी का?" शेवंती नाही म्हणाली. नानांनी गोणपाट तिच्यापासून दूर ओढत नेले. ते सरकू लागले तशी ती मान लांबवून त्याच्या मागे निघाली. जी वस्तू आपल्यापासून पळते तिची भीती वाटत नाही, हे मी पुस्तकात कुठे वाचले नव्हते. गोणपाटानंतर केळीची वाळलेली, खडखडणारी पाने. त्यानंतर रॉकेलचा रिकामा डबा, आत चार खडे. आधी डबा पळायचा, ती पाठलाग करायची. आठवड्याभरात ती स्वतःच नाकाने डबा ढकलू लागली, वाजला की दचकून मागे सरायची आणि लगेच पुन्हा ढकलायला यायची. डबा उचलून ठेवला तर पाय आपटायची.

शेवटी ढोल. नानांनी त्या वरातीतलाच ढोलवाला, सुपडूदादा, बोलावून आणला. त्याला नदीच्या वाळूत उभे केले आणि सांगितले, की वाजवत पुढे चाल. घोडी जवळ आली की पळ.

सुपडूदादा म्हणाला, "नाना, मी ढोल वाजाडू का पयू?"

"दोन्ही कर."

"अन् तिनी चावा घेतला तं?"

"मंग जोरमा वाजाड."

त्या सकाळी गिरणेच्या पात्रात ज्यांनी कपडे धुणे थांबवून तो तमाशा पाहिला, त्या बायका अजून सांगतात. ढोल गळ्यात अडकवलेला सुपडूदादा धोतर सावरत पळतो आहे, मागे कान टवकारलेली पांढरी घोडी दुडक्या चालीने येते आहे, आणि तिच्या मागे मी. चौथ्या दिवशी सुपडूदादाने दमून वाळूत बैठक मारली, तर शेवंतीने ढोलावर नाक घासले. तो म्हणाला, "हाई मना घात करी आते. बँडमा मनी जागा लेई."

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय नाना कळणार नाहीत.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात आमच्याच गल्लीतली होती. त्या दुपारी मी शेवंतीला खरारा केला, झूल घातली, आणि माझे हात कापू लागले. इतके दिवस पाहिलेले सगळे मी विसरले. डोळ्यांसमोर फक्त वीटभट्टी आली. घरात कोणी नाही असे पाहून मी दोन बोळे केले आणि शेवंतीच्या दोन्ही कानांत कापूस घातला. वरून गोंड्यांची सजावट, कोणाला दिसणार?

वरातीच्या जागी नाना आले. शेवंतीचे कान त्यांच्याकडे फिरले नाहीत, एवढ्यावरून त्यांनी ओळखले. जवळ येऊन त्यांनी गोंडा बाजूला केला, एक बोळा काढला आणि माझ्यासमोर धरला. आजूबाजूला वऱ्हाडी उभे, भाऊ उभे. मला वाटले, आता सगळ्यांदेखत बोलतील. ते इतकेच, माझ्यापुरते म्हणाले, "बेटा, हाऊ कापूस कोनाकरता शे?"

त्यांनी बोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि दोन पावले मागे सरून उभे राहिले. दुसऱ्या कानातला बोळा काढायचा की पहिला परत घालायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडले होते. भाऊंनी हे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

मी दुसरा बोळा काढला. शेवंतीने मान झाडली. तिचे कान फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. नवरदेव बसले. बँड सुरू झाला. मी दोराकडे पाहिले तर तो तारेसारखा ताणला होता, माझ्याच हाताने. मी मूठ सैल केली. पारापाशी सुपडूदादा मागून पुढे आला, मुद्दाम जोरात वाजवत. शेवंती थबकली. मग तिने मान लांबवली आणि दोन पावले झपाझप त्याच्या दिशेने टाकली. सुपडूदादा सवयीने पळाला. सगळी वरात हसली, नवरदेवसुद्धा. मंडपापर्यंत ती अशीच ढोलामागे खेळत गेली. दत्तजयंतीला भाऊ सारंगखेड्याला गेलेच नाहीत.

नाना त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. कापसाचा विषय त्यांनी आजपर्यंत कोणाजवळ काढलेला नाही. तो आज मीच काढते आहे.

नानांचा स्वभाव सगळ्यांना मऊ वाटतो, पण तो तसा नाही. शेजारच्या तालुक्यातले एक मोठे बागायतदार घोडा घेऊन आले होते. मुलाच्या लग्नाला आठ दिवस होते आणि तेवढ्यात घोडा नाचायला हवा होता. सोबत काटेरी लगामही आणला होता. नानांनी लगाम हातात घेऊन उलटसुलट पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "घोडा कॅलेंडर देखत नही, आप्पा." घोडा आला तसा परत गेला. स्वतःलाही ते सूट देत नाहीत. एकदा एका शिंगराने त्यांच्या पायावर पाय दिला आणि त्यांचा हात चालला, एकच चापट. त्यानंतर तीन दिवस त्यांनी त्याला दोर लावला नाही. पुन्हा शेंगा घेऊन, पाठ करून अंगणात बसले. "मी मोडं, मालेच जोडनं पडी," एवढेच म्हणाले.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षी, पहिल्या पेपरच्या सकाळी पाचोऱ्याची एस. टी. आली नाही. भाऊ टांगा घेऊन चाळीसगावच्या वाटेला गेलेले. मी स्टँडवर रडत उभी होते. नानांनी आपला टांगा काढला. वाटेत मी दर मैलाला म्हणत होते, "नाना, जरा जोरात." ते मला इतिहासाचे प्रश्न विचारत होते. त्यांना उत्तरे माहीत नव्हती. मी बोलत राहावे म्हणून विचारत होते. कॉलेजच्या फाटकात उतरले तेव्हा घंटा व्हायला पाच मिनिटे होती, आणि माझे हात कापत नव्हते. वाटेतले ते प्रश्न म्हणजे माझे गोणपाट, डबा आणि ढोल होते, हे मला त्या फाटकात उमगले. तरी ते दोन ओळींत लिहिता येत नाही.

गेल्या महिन्यात नानांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी धूळ आणि जनावरे यांपासून काही दिवस दूर राहायला सांगितले आहे. नानांची दृष्टी पूर्ववत स्वच्छ होवो, त्यांचे गुडघे गिरणेची वाळू अजून कित्येक वर्षे तुडवोत, आणि "पोट गयं" हे शब्द आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळोत, एवढे मी सर्व शिष्यांच्या, टांगेवाल्यांच्या, बँडवाल्यांच्या आणि घोड्यांच्या वतीने मागते.

आणखी एक गोष्ट आहे. ती नानांना ही पुस्तिका वाचून दाखवली जाईल तेव्हाच कळेल.

नाना दवाखान्यात असताना शिंदखेड्याहून एक गृहस्थ टेंपोत घोडा घेऊन त्यांच्या दारी आले होते. तीन वर्षांचा, काळा, बादल नावाचा. तो इतका भ्यालेला होता की टेंपोतून उतरायला तयार नव्हता. नाना नाहीत असे कळल्यावर ते परत निघाले. मी शिकवते त्या शाळेतून येताना त्यांना नानांच्या फाटकाशी गाठले आणि म्हणाले, "माझ्याकडे ठेवा." ते म्हणाले, "ताई, घरात विचारून सांगा." भाऊ तिथेच उभे होते. ते घरी गेले आणि शेवंतीशेजारची जागा झाडून मोकळी केली.

पिछाडी आणि अगाडी मी त्या गृहस्थांसोबत परत पाठवली. त्याच्याही कानांत कापूस होता, तो मी स्वतः काढला. मग पाठ करून शेंगा फोडल्या. शेवंतीला पाच दिवस लागले होते. त्याला आठ लागले. आज सकाळी बादलने पहिल्यांदा माझ्यासोबत आमच्या अंगणाला पूर्ण फेरी मारली. मी दोनदा मागे वळून पाहिले.

दोराला पोट होते, नाना.