कोरे ठरलेले सात अर्ज

तो कागद आठवला की आजही माझा हात चहाच्या पेल्याकडे जातो आणि पेला उचलून बाजूला ठेवतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. जालना जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नुकताच तिथे वरिष्ठांच्या हस्ते 'दिव्यांग सहायता कक्ष' सुरू झाला होता. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि उद्घाटनाची भली मोठी पाटी. टेबल दुसऱ्याच दिवशी मुद्देमाल कारकुनाने नेलं. पाटी राहिली.

एका सकाळी पिंपळगाव रेणुकाईची एक मुलगी आईचा हात धरून माझ्यासमोर येऊन बसली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि जन्मापासून अंध होती. आई शेतमजुरी करणारी. त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली.

"साहेब, आठ दिवसामागं अर्ज देऊन गेल्ते. त्याचं काय झालं?" मुलीने विचारलं.

मी ठाणे अंमलदाराला हाक मारली. आवक नोंदवहीत खरंच नोंद होती: 'जाड कोरा कागद, एक.' त्यावर त्याने नियमाप्रमाणे शिक्का ठोकला होता. कागद कुठे आहे म्हणून विचारलं, तर अंमलदार माझ्या टेबलाकडे पाहू लागला. आठ दिवस मी त्याच्यावर चहाचा पेला ठेवत होतो. कागद जाड असल्याने टेबलावर डाग पडत नव्हता.

मुलीने कागदावरून बोटं फिरवली. "इथं गोल ओलं झालंय. माझं नाव दबलं त्याच्याखाली."

तो अर्ज ब्रेलमध्ये होता.

"तू टाइप करून का नाही दिलास?"

"आईनं पाटी वाचून दाखवली. मला वाटलं, वाचणारं कुणी असंल. न्हाई तर मंग पाटी कशाला?"

"गप गं," आई म्हणाली. "साहेब हायेत."

"साहेब हायेत म्हणूनच विचारून राह्यले."

मी पेला खाली ठेवला. फरशीवर.

तक्रार अशी होती. शहरातली एक संस्था अंध विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देत असे. अर्ज ब्रेलमध्ये, स्वहस्ते लिहिलेला हवा, अशी अट होती. वर्तमानपत्रात अशा अर्जाचा फोटो चांगला दिसतो. या मुलीचा अर्ज 'कोरा कागद, अपात्र' असा शेरा मारून नामंजूर झाला होता. वसतिगृहाने महिनाअखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली होती. तोवर शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर खोली सोडून गावी परत. शिक्षण तिथेच संपणार होतं.

"एवढंच असतं तर मी आले नसते," ती म्हणाली. "निवड झालेल्या पाचांची नावं एका मैत्रिणीनं वाचून दाखवली. त्यातलं एकही आमच्यातलं न्हाई."

"जिल्ह्यातले सगळे अंध विद्यार्थी तुला ठाऊक आहेत?"

"कॉलेजातले, बिलकुल सगळे. परीक्षेला पेपर लिहून देणारा लेखनिक लागतो. तो शोधताना आम्ही एकमेकांनाच फोन करतो. या पाचांनी कधी लेखनिक मागितला न्हाई. मंग ते परीक्षा कशी देतात?"

नोकरीत मी खबरी पुष्कळ पाहिले. इतकी नेमकी खबर थोड्यांनीच दिली.

निवड झालेल्यांच्या गौरव समारंभाला आठ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि त्या मायलेकींना घेऊन मी संस्थेच्या कार्यालयात गेलो. भिंतीवर अध्यक्षांचे हार घातलेले फोटो होते, सगळे हयातीतले. अध्यक्ष म्हणाले, मला यातलं काहीच माहीत नाही. पुढे तपासात ते खरं निघालं. त्यांच्या बाजूने एवढंच सांगता येईल, आणि विरुद्धही तेवढंच.

सगळा कारभार एका लिपिकाच्या हातात होता. मऊ बोलणारा माणूस. फायली त्याने लगबगीने पुढे केल्या. पाच निवडलेले अर्ज मी मुलीच्या हाती दिले. तिने पहिल्यावर बोटं ठेवली आणि थांबली. कागद पलटला, परत पलटला, आणि हसायला लागली.

"काय झालं?"

"साहेब, आम्ही ब्रेलच्या पाटीत कागद घालून उजवीकडून डावीकडं टोचतो. अक्षरं उलटी टोचायची. कागद पलटला की टिंबं वर येतात आन् डावीकडून बराबर वाचता येतं. हे ज्यानं लिहिलं त्यानं अक्षरांचा तक्ता समोर ठेवून सरळ टोचलंय. खड्डे बराबर, टिंबं सगळी उलटी. ही चूक आंधळ्याच्या हातून व्हायची न्हाई. त्याला डोळेच पाहिजेत."

लिपिकाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "सर, विद्यार्थी नवशिके असतील. पण अर्ज माझ्यासमोर, याच टेबलावर लिहिलेत. मी स्वतः साक्षीदार आहे."

अशा वेळी आवाज चढवायचा नसतो. माणसाला त्याच्या जबाबात आरामात बसू द्यायचं. मी म्हणालो, "मग तुम्ही पाहिलंच असेल कसं लिहितात ते. आम्ही अडाणी आहोत. जरा दाखवता?"

मुलीने पिशवीतून आपली पाटी आणि टोचणी काढून दिली. लिपिकाने कागद अडकवला आणि टोचायला सुरुवात केली. टक, टक, टक. पंच पाहत होते. मुलगी मान वाकडी करून ऐकत होती.

"साहेब," ती म्हणाली, "आवाज डाव्या कडंनं निघून राह्यला."

टोचणी थांबली. लिपिकाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष स्वतःच्या फोटोकडे पाहत होते.

त्याच्या खणात ब्रेलचा छापील तक्ता आणि पोती शिवायचं दाभण सापडलं. दोन्ही पंचनाम्यात घेऊन जप्त केलं. पाच विद्यार्थी म्हणजे मंठ्याकडचे त्याच्या सासुरवाडीचे पाच डोळस तरुण होते. समारंभाचे काळे चष्मे आधीच खरेदी झाले होते. आपली माणसं बसवायची, तर खरे अर्ज बाहेर काढायला हवे होते. 'कोरा' हा शेरा त्याला सगळ्यात सोपा वाटला. जबाबात तो म्हणाला, "निवड समितीच्या सात सदस्यांनी सह्या केल्या, सर. एकानंही कागदावर हात ठेवला नाही." आरोपीच्या जबाबातलं एखादं वाक्य असं असतं, की ते लिहून घेताना आपली मान खाली जाते. मला माझा पेला आठवत होता.

'अपात्र' गठ्ठ्यात असे सात कागद निघाले. मुलीने एकेक मांडीवर घेऊन वाचला. वाचताना नावं ओळखीची निघत होती. "हा परतूरचा, याचा आवाज फार गोड. ही अंबडची, माझ्यापेक्षा हुशार. अगं बाई, हिनं पण टाकल्ता?" शेवटचा तिचा स्वतःचा. तो तिने वाचला नाही, नुसता हात फिरवून ठेवून दिला. तिची आई कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती. पोरीला आजवर तिने वाचून दाखवलं होतं. आज पोरगी कार्यालयाला वाचून दाखवत होती.

न्यायालयासाठी अंधशाळेतल्या शिक्षकांचा लेखी अभिप्राय घेतला. तो तिच्या म्हणण्याहून दोन पानं लांब होता, मजकूर तोच. लिपिकाला पुढे शिक्षा झाली. समारंभ रद्द झाला नाही, कारण मंडपाचा विसार देऊन झाला होता. शिष्यवृत्ती पाचांऐवजी त्या सातही जणांना मिळाली. अध्यक्ष 'अंधारातून प्रकाशाकडे' या विषयावर बोलत राहिले, तेव्हा मुलीच्या मनगटावरच्या बोलक्या घड्याळाने भर सभेत वेळ सांगितली. भाषण आटोपलं.

मुलीची वसतिगृहातली खोली कायम राहिली. ती आता बी.एड. करते आणि त्याच संस्थेच्या निवड समितीवर आहे. तिची एकच अट होती: अर्ज आधी माझ्या हातात, शिक्का नंतर.

कोरा म्हणण्याआधी कागदावरून एकदा हात फिरवावा, एवढं या प्रकरणाने मला शिकवलं. एवढंसं शिकायला नोकरीची तीस वर्षं गेली, हे मान्य करायला हवं.

गेल्या महिन्यात एक पाकीट आलं. आत जाड पांढरा कागद. मी जुन्या तक्त्याची प्रत शोधली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. तासाभराने पहिला शब्द लागला: 'साहेब'. पुढे जमेना, म्हणून तिला फोन केला.

"काय लिहिलंयस ते सांग."

"तुम्हीच वाचा, साहेब," ती म्हणाली. "आता तुम्हाला कुठं ड्युटी आहे?"

चार ओळी झाल्या आहेत. दोन राहिल्यात.