पाच हजार नग मांदेली

आम्ही जुनी मंडळी अजून दिवाळीनंतर एकदा ठाण्यात जमतो. चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ए, तो क्रेनचा किस्सा सांग ना!" सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला असतो, तरी सांगावा लागतो. आणि एक सांगितला की मागून चार येतात. आमच्या कारखान्याच्या ऑटोमॅटिक स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला नंबराचा कप्पा होता. किश्श्यांना कप्पा नव्हता, म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यात जाऊन बसले!

नव्वदीच्या मधल्या वर्षांत शीळफाट्याजवळ आमचा वॉशिंग मशीनचा नवा कारखाना उभा राहिला. मी प्रधान, कॉम्प्युटरवाली. स्टोअरमध्ये सहा मजली उंच रॅक आणि मधून धावणारी, माणसाशिवाय चालणारी क्रेन. कोड टाइप करा, ती वर जाऊन माल घेऊन येणार.

जुन्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून आले नाखवाकाका. कोपरीच्या खाडीकाठचे कोळी, चौथी पास, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. क्रेन पाहून त्यांनी आधी हात जोडले. मग क्रेन बसवणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, "याला जेवनाची सुट्टी कवा?"

"याला सुट्टी लागत नाही, काका."

"मग याचं न् आमचं कसं जमायचं?"

* * *

आमचे जनरल मॅनेजर करंदीकर. माणूस सरळ, पण शिस्तीचा आणि कट्टर शाकाहारी. चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य! त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "ज्यांना कोडवर काम जमणार नाही, त्यांनी भिवंडीच्या गोदामात जावं."

भिवंडीचं गोदाम म्हणजे भाड्याची शेड आणि जुनी खोकी. काम काहीच नाही. तिथे पाठवलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहायचा. मीटिंगमध्ये कोणी काकांकडे बघितलं नाही. काका मात्र सगळ्यांकडे बघत होते.

* * *

पहिल्याच दसऱ्याला क्रेन बंद पडली. बसवणारा इंजिनिअर, तो बंगळूरचा राघवन, सकाळपासून वायरी तपासत होता. मोटर ठीक, प्रोग्रॅम ठीक. क्रेन एक फूट पुढे जाई आणि थांबे.

दुपारी काका शांतपणे म्हणाले, "बाय, त्याला विचार, डोल्यासमोर झेंडू चालतो का?"

क्रेनची पूजा करताना पोरांनी भलंमोठं तोरण बांधलं होतं आणि त्यातला एक झेंडू बरोबर सेन्सरसमोर लोंबत होता! राघवनने फूल काढलं, क्रेन सुटली. त्याच्या रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण लिहिलं होतं : 'फेस्टिव्हल'.

* * *

माल मशीन जोडायच्या लाइनपर्यंत न्यायला विनाड्रायव्हरची गाडी होती. ती जमिनीवरच्या पट्टीवरून चालायची आणि समोर कोणी आलं की टीं टीं करत थांबायची. त्या पट्टीवर एक काळी कुत्री रोज दुपारी झोपायची. गाडी टीं टीं करत उभी, कुत्री गाढ झोपेत!

राघवन म्हणाला, कुत्रीला हाकला. आमचे लोडर एका सुरात, "अहो, ती आधीपासून इथेच असते. कारखाना नंतर आला!"

शेवटी पट्टी दोन फूट सरकवली. हे करंदीकरांना अजून माहीत नाही.

* * *

खरी अडचण कोडची होती. आठ अक्षरी इंग्रजी कोड, एकासारखा दुसरा. काका रोज संध्याकाळी वहीत गिरवायचे आणि सकाळी विसरायचे. जुन्या स्टोअरमध्ये त्यांनी मालाला स्वतःची, माशांची नावं ठेवली होती. पिवळे बारीक स्क्रू म्हणजे मांदेली. लुळा रबरी पाइप म्हणजे बोंबील. पुल्यांचे अकरा प्रकार, त्यातली सगळ्यात मोठी सपाट ती पापलेट.

मी सीकेपी, मासे खाणाऱ्या घरातली. मला ही भाषा कोडपेक्षा लवकर कळली. कोणाला न विचारता मी ती सगळी नावं कॉम्प्युटरमध्ये घातली. दुसऱ्या दिवशी काकांनी एका बोटाने टाइप केलं, 'बोंबील'. क्रेन सरसर वर गेली आणि पाइप घेऊन खाली आली. काका लहान पोरासारखे हसले. महिन्याभरात लोडर, फोर्कलिफ्टवाला, लाइनवरच्या बायका, सगळे तीच भाषा बोलायला लागले.

* * *

पण कॉम्प्युटर शहाणा. माल कमी झाला की आपोआप ऑर्डर छापायचा. डोंबिवलीच्या स्क्रूवाल्याला ऑर्डर गेली : मांदेली, पाच हजार नग, अर्जंट.

त्याने फोन केला आणि दुर्दैवाने तो करंदीकरांनी उचलला. "साहेब, तुमच्या कँटीनची ऑर्डर चुकून माझ्याकडे आलीय. आणि मांदेली नगावर नाही मिळत हो, वाट्यावर मिळते!"

करंदीकरांनी मला बोलावलं. "प्रधान, आपण वॉशिंग मशीन बनवतो की खानावळ चालवतो?"

त्याच दिवशी सगळे मासे पुसले गेले. काकांना पत्र मिळालं : सोमवारपासून भिवंडी.

काका पत्र घडी करत म्हणाले, "बाय, तिथं नुसती खोकी ना? मग मी कोनाला नावं ठेवू?" हसायला गेले आणि डोळे पुसत बसले. मला फार अपराधी वाटलं. नावं घातली मी आणि शिक्षा त्यांना.

* * *

शनिवार, काकांचा शेवटचा दिवस. त्यात श्रावण. अकरा वाजता पुली संपून लाइन थांबली. करंदीकर स्वतः लाइनवर उभे आणि स्टोअरला त्यांचा फोन.

"प्रधान, पुली पाठवा!"

"कुठली, सर? अकरा प्रकार आहेत. कोड सांगा."

"कोड इथे कोणालाच येत नाही! ती मोठी, सपाट..."

"तशा तीन आहेत, सर."

मागून लाइनवरच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. "साहेब, नाव सांगा ना! नाव सांगा!"

मग साहेब हळू आवाजात, "नाखवा आहेत का?"

मी रिसीव्हर काकांना दिला. साहेबांचा आवाज एकदम चढला, इतका की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"नाखवा, पापलेट पाठवा! ताबडतोब!"

काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "साहेब, कापून देऊ का आख्खी?"

"आख्खी! आणि सोमवारी भिवंडीला जाऊ नका. पापलेट मला रोजच लागणार."