आजींची पाणपोई

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की मला सदाशिव पेठेतली एक पाणपोई आठवते. मी तेव्हा आरोग्य खात्यात नवीन होते. गल्लीत काविळीची साथ होती आणि पाणपोईच्या रांजणातलं पाणी तपासणीत दूषित निघालं. गेलेल्या नवऱ्याच्या नावानं एक आजी तो रांजण रोज नळावरून भरायच्या. मी हे सांगताच त्यांनी विचारलं, “म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना मीच आजारी पाडलं?” “नाही हो आजी, नळाच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलंय. तुमचा काय दोष?” त्यांनी रांजण उपडा केला आणि घरोघरी जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितलं. पाइप बदलला, माणसं बरी झाली, पण आजींनी पाणपोई काही पुन्हा सुरू केली नाही. तेव्हा मीच जाऊन त्यांच्याकडे भांडंभर पाणी मागायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.