मौनीचा लपवलेला डाव

केस कापणारा माणूस गप्प असणं म्हणजे वाजंत्रीवाल्याने नुसतं उभं राहण्यासारखं आहे. चालतं, पण लोक त्याबद्दल बोलतात. या गल्लीतल्या सलूनवाल्याबद्दल लोक इतकं बोलले, की त्याचं नावच ‘मौनी’ पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण उन्हाने ते पुसलं गेलं आणि पुन्हा रंगवायला हवं असं कुणालाच वाटलं नाही, मौनीलाही नाही.

गप्प माणसाचं एक असतं. लोक त्याच्यात मन ओततात. तोंडाला साबणाचा फेस फासलेला, गळ्याशी वस्तरा आलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही. गल्लीतल्या कोणाचा रक्तदाब वाढला, कोणाचं घरात पटत नाही, कोण कोणाला न सांगता कुठे जाऊन आला, हे सगळं मौनीच्या पोटात जमा होतं. त्यातलं एक अक्षर कधी बाहेर आलं नाही. तो फक्त “हं” म्हणायचा आणि मान जरा डावीकडे वळवायचा. स्वतःची नव्हे, गिऱ्हाइकाची.

अशा या माणसाचं स्वतःचं एकच गुपित होतं आणि ते रस्त्याच्या पलीकडे राहत होतं.

पलीकडे त्याच्या धाकट्या भावाचं सलून होतं. पूर्वी दोघं याच दुकानात, एकाच आरशासमोर काम करायचे. वडील गेले आणि त्यांच्या फिरत्या खुर्चीवरून बोलाचाली झाली. खुर्चीची गादी फाटलेली, एक हात मोडका आणि फिरवली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडायची. पण भांडायचंच म्हटलं की माणूस खुर्चीचा मोडका हातही सोडत नाही. धाकटा रागाच्या भरात म्हणाला, “वहिनीने कान भरलेत तुझे.” वहिनी आतच होती. तिने तिथल्या तिथे मौनीला सांगून टाकलं, “त्याच्या दाराची पायरी चढलात, तर या घराची चढू नका.” धाकट्याने समोर दुकान टाकलं. बरीच वर्षं झाली. भाऊ बोलत नाहीत, हे गल्लीला इतकं अंगवळणी पडलं, की नव्या भाडेकरूला पाण्याची वेळ सांगावी तसं लोक ते सांगायचे.

पण मौनीच्या आरशाचं तोंड रस्त्याकडे होतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर गेली की आरशात पलीकडचं दुकान दिसायचं, आणि त्यात धाकटा. उजव्या हाताने कैची चालवणारा धाकटा आरशात डावरा दिसायचा. इतक्या वर्षांत मौनीला हा डावरा भाऊच सवयीचा झाला होता. त्याचं पोट सुटलेलं त्याने आरशातच पाहिलं, चष्मा लागलेलाही.

मग फोनमध्ये तो खेळ आला. शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने एकदा दाढीच्या बदल्यात काय काय भरून दिलं, त्यात बुद्धिबळ होतं. कोण खेळतंय ते कळायचं नाही, नुसता एक आकडा दिसायचा. ‘जवळचे खेळाडू’ म्हणून एक यादी होती. मौनीने त्यातल्या एकावर बोट ठेवलं. समोरच्याने पहिली चाल केली ती हत्तीपुढच्या कडेच्या प्याद्याची.

मौनीच्या हातातला ब्रश थांबला.

अशी सुरुवात शहाणा माणूस करत नाही. ती त्यांच्या वडिलांची चाल होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दोन्ही पोरांना घेऊन पट मांडायचे आणि सांगायचे, “आधी हत्तीला दार उघडून द्यावं. घरातलं मोठं जनावर कोंडून ठेवू नये.” या तत्त्वज्ञानावर ते आयुष्यभर हरले, आणि पोरांनाही हरायला शिकवून गेले. मौनीने आपल्या कडेचं प्यादं पुढे सरकवलं आणि आरशात पाहिलं. पलीकडे डावरा माणूस फोन हातात धरून नुसता उभा होता. त्याच्या गिऱ्हाइकाने दोनदा मान वळवून पाहिलं, तरी तो उभाच.

त्या दिवसापासून दोघं बोलू लागले, असंच म्हणायचं. सकाळी एकाने उंट हलवायचा, संध्याकाळी दुसऱ्याने प्यादं. चार दिवसांत चाल केली नाही तर डाव गेला, असा खेळाचा नियम होता, पण त्यांना चार तासही निघायचे नाहीत. धाकट्याचा घोडा दुपारच्या आत आला नाही तर मौनीला वाटायचं, बरं नाही की काय त्याला. मग तो आरशात बघायचा. धाकटा कंगवा पुसत असायचा. जीव भांड्यात पडायचा.

अडचण एवढीच होती, की मौनीचा फोन हा त्याचा नव्हताच. तो आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकून गाणी म्हणायचा. गाणं आवडलं नाही की खुर्चीतला, बाकावरचा, नुसता पेपर वाचायला आलेला, कुणीही तो उचलायचा. घरी बायकोही तिच्या बहिणीशी त्यावरूनच बोलायची.

एके सकाळी बाकावर विमावाले बसले होते. विमावाले म्हणजे ज्यांना पाहून लोक फुटपाथ बदलतात ते. त्यांनी गाणं बदलायला फोन घेतला आणि बराच वेळ परत ठेवला नाही.

“मौनीदादा, तुमचा घोडा उगाच कोपऱ्यात उभा होता हो,” ते खुशीत म्हणाले. “पुढे सारला. आभार मानू नका.”

मौनीने फोन ओढून घेतला. तो घोडा उगाच उभा नव्हता. तो वजिराला पाठीशी घालून उभा होता. आता वजीर भर रस्त्यात एकटा.

“कोण आहे हो समोर? चांगला खेळतो,” विमावाले म्हणाले.

“हं,” मौनी म्हणाला, पण या वेळी त्याचा वस्तरा फेसावर जरा जास्त वेळ थबकला. आज विमावाल्यांनी विचारलं, उद्या बायको विचारेल. पायरी चढलो नाही असं तो शपथेवर सांगू शकला असता, पण बायको काही पायऱ्या मोजणारी बाई नव्हती.

दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून मौनी मोबाईलवाल्याकडे गेला. फोन पुढे केला आणि बुद्धिबळाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “हे दिसता कामा नये.”

मौनी सलग चार शब्द बोलला, याचंच मोबाईलवाल्याला कौतुक. “दादा, तुम्हीसुद्धा?” त्याने डोळा मारला. “बसा. असं लपवून देतो, की फोनलासुद्धा कळणार नाही.”

त्याने काय काय दाबलं. पडद्यावरची निम्मी गर्दी एका गुप्त कप्प्यात गेली. दोन बोटं पडद्यावर अशी फाकवायची, मग अंगठा टेकवायचा की कप्पा उघडतो. अंगठा नाही चालला तर आकडा. “घंटा वाजणार नाही, काही उगवणार नाही. वाढदिवस टाकू नका, लग्नाची तारीख टाकू नका. कुणालाही सुचणार नाही असा आकडा टाका.”

मौनीने टाकला. तो खरोखरच कुणालाही सुचण्यासारखा नव्हता.

कप्पा बंद करण्याआधी त्याने एकदा डाव पाहिला. धाकट्याची चाल येऊन पडली होती. वजीर समोर उघडा पडलेला, नुसता हात पुढे केला की मिळाला असता. धाकट्याने तो घेतला नव्हता. त्याने लांब कोपऱ्यातलं एक फालतू प्यादं एक घर सरकवलं होतं. ‘ही चाल तुझी नाही, दादा’ हे सांगायला याहून जास्त शब्द लागले नसते.

मौनीला काहीतरी झालं. याला साधं उत्तर देऊन भागणार नव्हतं. नीट विचार करून, वडिलांना आवडेल अशी चाल करू, असं ठरवून त्याने कप्पा बंद केला.

फोन आता एवढा स्वच्छ दिसत होता, की बायकोनेही म्हटलं, “आज पुसलात वाटतं?”

दुसऱ्या दिवशी चाल सुचली. मौनीने दोन बोटं फाकवली, अंगठा टेकवला. ‘ओळख पटली नाही.’ मोबाईलवाल्याकडे अंगठा दिला तेव्हा तो जेवून, हात कोरडे करून गेला होता. आत्ताचा अंगठा सकाळपासून फेस, पाणी आणि तुरटीत भिजून बेदाण्यासारखा झाला होता. त्याने तो पुसला, फुंकला, पँटीला घासला. ओळख पटेना. ज्या अंगठ्याने गल्लीतल्या प्रत्येकाची हनुवटी धरली, त्याला त्याचाच फोन ओळखत नव्हता.

मग आकडा. दुकानाचा नंबर? नाही. वडील गेले ती तारीख? नाही. फोनने बजावलं, जरा थांबा. मौनी थांबला. पुन्हा टाकला. फोन म्हणाला, आता जास्त थांबा. संध्याकाळपर्यंत कप्पा कायमचा रुसला आणि कोरड्या अंगठ्यालाही भीक घालेना.

“अहो, चोराला उघडता येऊ नये म्हणूनच असतं ते,” मोबाईलवाला म्हणाला.

“मी चोर नाही.”

“ते मला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे? कप्पा पुसून टाकता येईल. पण आतलं सगळं जाईल. डाव कुठे दुसरीकडे जपलाय का? नाही ना? मग तो गेला. तो आकडा आठवला तर काही तरी होईल. सांगा, टाकताना काय मनात होतं?”

मनात धाकटा होता. पण त्याचा आकडा काय होतो, हे मौनीला सांगता येईना.

पुढचे दिवस त्याने आरशात काढले. पलीकडे डावरा धाकटा घडीघडी फोन बघायचा आणि ठेवायचा. मौनीने एकदा कैची हवेत धरून हलवली, खूण म्हणून. खुर्चीतल्या माणसाने घाबरून डोळे मिटले, धाकट्याने पाहिलंच नाही. मधे रस्ता होता तो केवढा? एक हातगाडी आडवी लावली तर बुजेल एवढा. नुसतं जाऊन ‘फोन उघडत नाही’ म्हणायचं. पण इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ‘फोन उघडत नाही’ हे असावं का? आणि पायरी? आणि गल्ली?

चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याने फोन उचलला, बराच वेळ बघितला आणि खणात टाकून खण ढकलला. मग त्याने दारातला पडदा ओढला. आरशात नुसता पडदा राहिला. धाकट्याने उघडा वजीर सोडला होता, आणि दादाने पाठ फिरवली होती. मौनीच्या बाजूने कुणीही बोललं असतं तर बरं झालं असतं, पण त्याच्या बाजूने बोलणारं या जगात कोणी असेल तर ते तोच, आणि तो मौनी.

सकाळी त्याने दुकान उघडलं, आरशात स्वतःचं डोकं पाहिलं. स्वतःचे केस स्वतःला कापता येत नाहीत, हा या धंद्याला मिळालेला शापच. पूर्वी दोघं भाऊ एकमेकांचे कापायचे. भांडणानंतर मौनी लांबच्या दुसऱ्या एका दुकानात जायचा आणि शेजाऱ्याच्या कुंपणातून म्हैस चरून गेल्यासारखा परत यायचा. डोक्यावर राहिलेही होते मोजकेच. तरी कानांवर आले होते खरे.

मौनीने फोन खिशात घातला आणि रस्ता ओलांडला. विमावाले समोरून येत होते, ते जागीच थिजले. मग आयुष्यात पहिल्यांदा विमावाल्यांनीच कुणाला तरी पाहून वाट बदलली.

धाकट्याने दारात मौनीला पाहिलं. हातातली कैची तशीच धरून तो म्हणाला, “बसावं लागेल. दोघं आहेत आधी.”

मौनी बसला. त्या दोघांनी कधी नव्हे ते आपले नंबर सोडायची तयारी दाखवली, पण उठून मात्र कुणी गेलं नाही. नंबर आला. धाकट्याने अंगावर कापड टाकलं, मानेशी गाठ मारली. समोर आरसा. त्यात पुन्हा डावराच भाऊ, फक्त आता हातभर अंतरावर. आणि त्याच्या खांद्यावरून, रस्त्यापलीकडे, मौनीला आपलं दुकान दिसलं. रिकामी फिरती खुर्ची, टेकलेला पावडरचा डबा. म्हणजे यालाही दिसत होतं तर. रोज.

मौनीने कापडाखालून हात काढून फोन वर धरला. “उघडत नाहीये.”

“काय?”

“लपवला होता. आता उघडत नाहीये.”

धाकट्याने फोन घेतला, चष्मा वर केला, दोन बोटं फाकवली, हे दाबलं, ते दाबलं. “आकडा काय टाकलास?”

“आठवत नाही.”

“कमाल आहे तुझी, दादा.” इतक्या वर्षांनी ‘दादा’ ऐकू आलं, ते असं शिव्या घालताना. “मला वाटलं, तू सोडलास.”

“तू वजीर घेतला नाहीस.”

“ती तुझी चाल नव्हती.” धाकट्याने मानेवर पाण्याचा फवारा मारला. “मी काढून टाकलाय तो खेळ काल.”

“परत घे.”

धाकटा कैची चालवत राहिला. कानामागे आला तेव्हा म्हणाला, “नको. जीव टांगणीला लागतो. कामात लक्ष राहत नाही. परवा एकाचा कल्ला निम्मा गेला माझ्याकडून.” मग कापड झटकलं, मानेवरचे बारीक केस ब्रशने उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाला, “केस वाढले की ये.”

संध्याकाळी मौनी घरी गेला. बायको दारात होती. तिने काही विचारायच्या आधीच त्याला कळलं, की काहीच लपवता येणार नाही. फोन लपवता येतो. डोकं कुठे लपवणार? तिने त्याला पाठमोरं वळवलं, दिव्याखाली नेलं. या घरात आल्यावर दोन्ही भावांचा हात ओळखायला शिकून तिला किती वर्षं झाली होती.

“कानामागे अजून तसंच करतो,” ती म्हणाली. “डावीकडे जरा जास्त घेतो. घाई पहिल्यापासूनची.”

मौनी उंबऱ्याबाहेर उभाच होता. ती आत गेली. ‘चढा’ म्हणाली नाही, ‘चढू नका’ही म्हणाली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि त्यावरून काही ठरवता येईना. शेवटी तो पायरीवरच टेकला. हात आपोआप खिशाकडे गेला आणि परत आला. मग त्याने टाळूवरून हळूच हात फिरवला. होते ते एवढेसे, आणि आताच कापलेले. आता ते वाढायची वाट बघायची, त्यात कुणाला काही घाई करता येत नाही, सलूनवाल्यालासुद्धा नाही.